कुलूप कुणी लावलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तिखट प्रतिक्रिया दिलीत, बरं वाटलं. नुसत्या 'छान लेख'ने काही कळत नाही. तुमचे आक्षेप दोन. 'जपानने दोनशे वर्षं जगाला दार लावून घेतलं' हे माझं वाक्य पाश्चात्त्यांच्या चष्म्यातून लिहिलेलं आहे, हा पहिला. परदेशी गेलेले जपानी आपल्याच वस्त्यांत राहिले ते अलिप्त स्वभावामुळे, त्याचं खापर मी उगाच अमेरिकेवर फोडलं, हा दुसरा.

पहिला मान्य. वाक्य ढिसाळ होतं. १६३९ साली पोर्तुगीजांना हाकललं, १६४१ पासून डचांना नागासाकीजवळच्या देजिमा या भराव घालून केलेल्या बेटावर ठेवलं. पण चिनी व्यापारी नागासाकीला येतच होते आणि कोरियाशी त्सुशिमा बेटामार्फत व्यवहार चालू होता. 'साकोकू', म्हणजे कुलूपबंद देश, हा शब्दच मुळी १८०१चा. केंप्फर या जर्मनाच्या लेखनाचं भाषांतर करताना शिझुकी तादाओने तो घडवला. दीडशेहून जास्त वर्षं लोक त्या 'साकोकू'त राहिले, पण त्यांना हा शब्दच ठाऊक नव्हता!

तरी एक दार खरंच बंद होतं: जपानी माणसाचं बाहेर जाणं. त्याआधी कागोशिमाचा आंजिरो थेट गोव्यापर्यंत आला, १५४८ साली तिथे बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या वर्षी फ्रान्सिस झेवियरसोबत घरी परतला. १६३५च्या हुकमानंतर असं परतणाऱ्याला देहदंड होता. सयाममध्ये (आजच्या थायलंडमध्ये) अयुथयाला जपान्यांची मोठी वस्ती होती, तिच्या परतीच्या वाटा मिटल्या. १८४१ साली वादळात भरकटलेला मांजिरो हा कोळ्याचा चौदा वर्षांचा पोरगा. त्याला अमेरिकन देवमासेमारी जहाजाने वाचवलं. तो दहा वर्षांनी परतला तेव्हा कितीतरी महिने त्याची चौकशी चालली होती. याला लोकांचा स्वभाव कसं म्हणायचं? तो सरकारी हुकूम होता.

दुसरा आक्षेप मात्र अजिबात पटला नाही. जपानहून अमेरिकेत गेलेल्या ताकाओ ओझावाचं उदाहरण घ्या. वीस वर्षं अमेरिकेत, शाळा बर्कलेची, पुढे जवळपास तीन वर्षं कॅलिफोर्निया विद्यापीठ, मुलं अमेरिकन शाळेत, कुटुंब अमेरिकन चर्चमध्ये, घरात बोलणं इंग्रजीतून. याहून जास्त मिसळायचं म्हणजे काय करायचं? १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला नागरिकत्व नाकारलं, कारण तो गोरा नव्हता, 'कॉकेशियन' (तेव्हाच्या वंशशास्त्रातला तथाकथित गोरा वंश) नव्हता. तीनच महिन्यांनी अमेरिकेत राहणाऱ्या भगतसिंग थिंद या भारतीयाने आपण कॉकेशियन असल्याचा मुद्दा मांडला, तर त्याच न्यायालयाने सांगितलं की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस तुम्हाला गोरा समजत नाही. (हे वाचून मी मोठ्याने हसलो होतो. मग हसू थांबलं.)

कॅलिफोर्नियात तर १९१३पासूनच, ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना शेतजमीन विकत घेता येत नव्हती. १९४२ साली, महायुद्धात, जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० जणांना छावण्यांत डांबलं, त्यातले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते.

जपानलाही मी सूट देत नाही. ब्राझीलला गेलेल्या जपान्यांच्या नातवंडांना १९९०पासून कारखान्यांसाठी बोलावून घेतलं आणि २००९च्या मंदीत बेकार झालेल्यांना परत जाण्यासाठी माणशी ३ लाख येन देऊ केले. अट अशी की त्याच व्हिसावर पुन्हा यायचं नाही.

मूळ लेखातलं दाराचं वाक्य आज दुरुस्त करतो. अमेरिकेचा परिच्छेद तसाच राहील, फक्त त्यात ओझावाची भर घालीन.