टलोटॉक्सलचं चुकलं कुठे?

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेच्या जुन्या भागांतलं काय बघू, असं विचारलं की जो तो डॅलेक या परग्रहावरच्या राक्षसांची कथा सांगतो. सांगू देत. माझं मत ‘द अ‍ॅझ्टेक्स’ला. मे-जून १९६४मध्ये बीबीसीवर दाखवलेले चार भाग, कृष्णधवल, प्रत्येकी साधारण पंचवीस मिनिटांचे. लेखक जॉन लुकारोटी. परग्रह नाही, राक्षस नाही, यंत्रमानव नाही. विज्ञानकथा म्हणावी तर कालयंत्र तेवढं आहे, आणि तेही पहिल्या काही मिनिटांतच एका थडग्यात अडकून पडतं.

मालिका तेव्हा अगदी पहिल्या वर्षात होती. मुलांना इतिहास आणि विज्ञान दोन्ही शिकवायचं, म्हणून कालप्रवासी डॉक्टरच्या सोबतीला दोन शाळामास्तर दिलेले: विज्ञानाचा इयान आणि इतिहासाची बार्बरा. टार्डिस, म्हणजे डॉक्टरचं कालयंत्र, उतरते ती पंधराव्या शतकातल्या मेक्सिकोत, येटॅक्सा नावाच्या पुजाऱ्याच्या थडग्यात. बार्बरा तिथलं एक कंकण सहज हातात चढवते आणि बाहेर पडते. मागे दार बंद, आणि ते बाहेरून उघडत नाही. लोकांना वाटतं, येटॅक्साच पुन्हा जन्माला आला. झाली बाई देवी!

आता बार्बराचा तर अ‍ॅझ्टेक हा लाडका विषय. तिचं गणित सरळ आहे: नरबळीची प्रथा आत्ताच मोडून काढली, तर पुढे स्पॅनिश आक्रमक कोर्तेझ येईल तेव्हा त्याला ही संस्कृती बुडवावीशी वाटणार नाही. डॉक्टर तिला ठणकावून सांगतो की इतिहास बदलता येत नाही, एक ओळसुद्धा नाही. हे वाक्य चाहत्यांना तोंडपाठ असतं. मला मात्र त्याच्या पुढचा प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. पावसासाठी बळी द्यायचाय. बार्बरा देवीच्या अधिकाराने तो थांबवते. पण ज्याचा जीव ती वाचवते, तो माणूसच चिडतो. त्याच्या लेखी हा मान होता आणि तो हिने हिरावून घेतला. तो स्वतःच देवळाच्या माथ्यावरून उडी टाकतो. आणि पाठोपाठ पाऊस कोसळतो. टलोटॉक्सल, म्हणजे बळी देणारा मुख्य पुजारी, तिथल्या तिथे निकाल लावतो: मरण आलं म्हणून पाऊस आला, ही देवी खोटी आहे.

इथे माझा मुद्दा. या कथेचा खलनायक टलोटॉक्सल. जॉन रिंगमने तो पाठीत वाकून, ओठ मुडपून, थेट प्रेक्षकांना सामील करून घेत असा रंगवलाय की शेक्सपियरचा तिसरा रिचर्ड आठवावा. पण चार भागांत धादांत खरं बोलणारा तो एकटाच आहे! देवी खोटी आहे. ती आपला धर्म मोडायला आली आहे. तो संशय घेतो, परीक्षा घेतो, विष पाजून बघायचा बेत करतो (देवीला विष चढणार कसं?). पद्धत घाणेरडी, तर्क मात्र चोख. खोटं बोलते ती आपली नायिका, आणि इयानला वाचवायला याच पुजाऱ्याच्या गळ्याला सुरी लावते तीही तीच.

तिच्या खोट्याची किंमत मोजतो ऑटलॉक. हा ज्ञानाचा पुजारी, विचारी, नरबळीबद्दल मनात आधीच शंका असलेला. बार्बराला एकच माणूस आपल्या बाजूला ओढता येतो, तो हा. शेवटी त्याचं पद जातं, श्रद्धा जाते आणि सत्य शोधायला तो एकटा रानात निघून जातो. डॉक्टर बार्बराची समजूत घालतो की संस्कृती नाही वाचली, पण एक माणूस तर वाचला. मला हे पटत नाही. ज्या गावात बदल घडवू शकणारा एकच शहाणा माणूस होता, त्याला तुम्ही गाव सोडायला लावलंत, याला वाचवणं कसं म्हणायचं? मागे उरला टलोटॉक्सल. ग्रहण लागतं, सुरी उगारली जाते, बळी जातोच. खलनायक पूर्ण जिंकतो, आणि हे शनिवारी संध्याकाळी पोराबाळांसाठीच्या कार्यक्रमात. आजची मालिका एवढी हिंमत करेल असं वाटत नाही.

बार्बराच्या गणितातही खोट आहेच. कोर्तेझ नरबळी थांबवायला आला नव्हता, सोन्यासाठी आला होता. १५२१ मध्ये अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोचतित्लान पडली त्यात अ‍ॅझ्टेकांवर खार खाऊन असलेल्या त्लाश्काला लोकांचा आणि देवी या रोगाच्या साथीचा हात मोठा होता. हे कथेत कुणीच बार्बराला सांगत नाही.

मधल्या वेळात विल्यम हार्टनेलचा डॉक्टर कॅमेका नावाच्या प्रौढ बाईला कोको करून पाजतो आणि नकळत स्वतःचं लग्न ठरवून बसतो. आपल्याकडच्या कांदेपोह्यांत निदान दोन्ही बाजूंना कार्यक्रम कसला हे माहीत असतं! हार्टनेलचा चेहरा त्या क्षणी बघाच. नंतर हेच महाशय थडग्याचं दार उघडायला लाकडाची कप्पी कोरतात. ओझं ओढायला चाक न वापरणाऱ्या लोकांत बसून! बार्बराला एक ओळ बदलायची मनाई आणि यांना कप्पी चालते.

उणिवा भरपूर आहेत. मागचं शहर म्हणजे रंगवलेला पडदा, आणि तो पडदाच दिसतो. सगळे अ‍ॅझ्टेक गोरे ब्रिटिश नट, आज ते खटकतं. डॉक्टरची नात सुझन मधल्या दोन भागांत जेमतेम दिसते, कारण ती भूमिका करणारी कॅरोल अ‍ॅन फोर्ड तेव्हा रजेवर होती. तिचे तुकडे आधीच चित्रित करून जोडलेत. मारामाऱ्या तर सोडूनच द्या.

तरीही याच लेखकाचा याच वर्षातला सात भागांचा ‘मार्को पोलो’ बीबीसीने पुसून टाकला, आज त्याचा फक्त आवाज ऐकता येतो. हे चारही भाग मात्र शाबूत आहेत. तेव्हा बघा, आणि टलोटॉक्सलचं चुकलं कुठे ते मला सांगा. सुरीचं सोडून.