दवाखान्यात जायला पोलीस केस लागते, हे कोणी सांगितलं?

माझी मावसबहीण दोन दिवस सुजलेला हात ओढणीत बांधून घरात बसली होती. कारण नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला मेसेज: 'घरातल्या मारहाणीबद्दल बाहेर ब्र काढू नका. पोलीस केस केल्याशिवाय दवाखान्यात हात लावत नाहीत. एका ऑफिसात गेलात की पोलीस, कोर्ट, संस्था सगळे एकमेकांना कळवतात, नवरा थेट जेलमध्ये, बाई रस्त्यावर. शेजारी मध्ये पडले तर त्यांच्यावरच केस.' तो पुढे पाठवणाऱ्यांत आमचे दोन काका आहेत.

दवाखान्याचं आधी, कारण तिचं हाड मोडलं होतं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा २००५चा, त्याचे नियम २००६चे. त्यातला १७वा नियम काकांनी वाचावा. बाईने आधी घटना अहवाल, म्हणजे घरात झालेल्या हिंसेची ठराविक नमुन्यातली नोंद, केलेला नाही म्हणून या कायद्याखाली अधिसूचित दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत. उलट अहवाल झालेला नसेल तर तो दवाखान्याच्या प्रमुखाने भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली बाईला मदत करायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवायचा, आणि तपासणीच्या कागदाची प्रत बाईला फुकट द्यायची. म्हणजे पोलीस ठाण्याची पायरी न चढलेल्या बाईलाही दवाखान्यातून पुढची मदत मिळावी, अशी सोय मुद्दाम केलेली आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केलं ते याच कारणाने: मार खाल्लेली बाई कुठे नाही तरी मलमपट्टीला येतेच. जखमेचं प्रकरण असेल तर डॉक्टर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे कायद्याशी संबंध येऊ शकेल अशा जखमेची दवाखान्यातली नोंद) करून पोलिसांना कळवतात, हे खरं. पण ती नोंद म्हणजे नवऱ्यावर दाखल झालेला गुन्हा नव्हे, आणि तिच्यासाठी उपचार अडत नाहीत. या एका खोट्या वाक्यापायी माझ्या बहिणीने दोन रात्री कळा सोसल्या.

सगळे एकमेकांना कळवतात? हो, कळवलंच पाहिजे. संरक्षण अधिकाऱ्याने अहवाल मॅजिस्ट्रेटकडे द्यायचा, प्रत पोलीस ठाण्याला आणि त्या भागातल्या सेवा देणाऱ्या संस्थांना. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला, तोही पोलीस आणि समाजसेविका एका छताखाली असाव्यात म्हणून.

जेलचं म्हणाल तर या कायद्याखाली बाई मागते ते संरक्षण, राहण्याची जागा, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा. शिक्षा येते ती कोर्टाचा संरक्षण आदेश मोडल्यावर: एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. छळाची फौजदारी तक्रार वेगळी, ती करायची की नाही हे तिने ठरवायचं. आणि बाई रस्त्यावर कशी येईल? कलम १७ तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतं, घर कोणाच्याही नावावर असो. शेजाऱ्यांसाठी कलम ४ आहे: चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. ठाण्यात 'घरगुती मामला आहे, मिटवून घ्या' असं आजही ऐकवतात. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करा असं कायदा सांगतो, पण तारखा पडत राहतात, आणि बाईला एकच कहाणी चार टेबलांवर सांगावी लागते. संताप यायला हवा तो याचा. यंत्रणा एकमेकांना कळवतात हे तिचं दुःख नाहीच, कळवायला हवं तिथे कळवत नाहीत हे आहे.

आणि 'ब्र काढू नका' हे कोणाला सांगताय? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या ७७ टक्के बायकांनी ना मदत मागितली होती, ना कोणाला सांगितलं होतं. बायका आधीच गप्प आहेत, काका.

बहिणीच्या हाताला काल प्लास्टर घातलं. तपासणीच्या कागदाची प्रत आम्ही मागून घेतली, ती तिने माझ्याकडे ठेवायला दिली आहे. तो मेसेज ग्रुपवरून काढा आणि त्या जागी महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर टाका. आजच.