'पंधरा दिवस झाले, चलान मेलं' असं कुठे लिहिलंय?

सोसायटीच्या ग्रुपवर या महिन्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज फिरला. हायवेच्या कॅमेऱ्याचं चलान भरूच नका. पंधरा दिवसांत नोटीस आली नाही तर ते आपोआप रद्द. कॅमेरा दिसला की ब्रेक मारा, पुढे रान मोकळं. गाडी दुसऱ्याच्या हातात असेल तर मालकाचा संबंध नाही. एवढं करून काही उरलंच, तर लोकअदालतीत माफ.

पंधरा दिवसांची गोष्ट अगदीच हवेतली नाही. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची, असं केंद्राच्या ऑगस्ट २०२१च्या नियमांत आहे. पण उशीर झाला की चलान आपोआप रद्द, हे त्यात नाही. उशिराचा मुद्दा तक्रारीत मांडा, कोर्टात मांडा; गप्प बसून चलान विरघळत नाही. शिवाय आरसीला जोडलेला मोबाइल नंबर जुना असेल, तर एसएमएस कधीच भलत्याच्या फोनवर जाऊन बसलेला असतो.

ब्रेकची युक्ती मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर करून बघा. तिथे २०२४ पासून बसलेली यंत्रणा दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढते. सपाट भागात कारला मर्यादा १००ची, म्हणजे दहा किलोमीटरला किमान सहा मिनिटं. पाचच मिनिटांत पोचलात तर सरासरी १२० झाली. मग कॅमेऱ्याखालून बैलगाडीच्या चालीने गेलात तरी काय उपयोग? राज्यात कारसाठी वेगाचा दंड २००० रुपये आहे.

मालकाचा संबंध नाही म्हणणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम १३३ वाचावं. विचारणा झाली की गाडी कोण चालवत होतं, हे मालकाला सांगावंच लागतं. लोकअदालतीत तडजोड होते. माफीची हमी कुणी दिलेली नाही.

चलान बघायला महाट्रॅफिक अॅप किंवा राज्याच्या ई-चलानच्या सरकारी साइटवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकायचे. पैसे भरण्याआधी फोटो उघडा. माझ्या स्कूटरच्या नावावर एकदा हायवेवरच्या वेगाचं चलान पडलं होतं. फोटोत होता चक्क टेम्पो! नंबरप्लेटवरचा चिखलाने माखलेला ८ यंत्राने ३ वाचला होता. त्या फोटोसोबत आरसीचा आणि स्कूटरचा फोटो जोडून तक्रार टाकली, तीन आठवड्यांनी चलान रद्द झालं. भरून मोकळा झालो असतो, तर परतावा मागत फिरलो असतो.

आणि हो, तो मेसेज टाकणाऱ्या काकांनीच काल ग्रुपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनवर थेट अॅप बसवणारी फाइल, पुढे ढकलली आहे. कुणी उघडू नका. सरकारी चलान एपीके फाइलमधून येत नाही. असल्या फाइली फोनमधले ओटीपी वाचतात आणि बँकेचं खातं रिकामं करतात. काकांना मी फोन केलाय, पण फाइल अजून तिथेच आहे.