भाडे भरल्यावर हातात काय उरते?

जगातल्या मोठ्या शहरांमधील घरभाडे आणि तिथली कमाई यांची तुलना करणारे तक्ते अधूनमधून सगळीकडे फिरतात. पहिल्या रकान्यात शहराचे नाव, दुसऱ्यात एका बेडरूमच्या फ्लॅटचे सरासरी भाडे, तिसऱ्यात सरासरी पगार आणि शेवटी टक्केवारी. मी हे तक्ते आस्थेने वाचते, कारण माणसाला शहरात राहता येते की शहर सोडावे लागते, हे बहुतेकदा या एका खर्चावर ठरते. पण जितके जास्त तक्ते वाचले तितकी माझी एक खात्री पक्की होत गेली: ज्या दोन आकड्यांचा हा भागाकार केलेला असतो, ते एका माणसाचे नसतातच. भाडे घेतलेले असते सध्या रिकाम्या असलेल्या घरांच्या जाहिरातींमधून, म्हणजे आज नव्याने घर शोधणाऱ्याला सांगितले जाणारे. पगार मात्र सगळ्या शहराचा असतो, आणि त्यात स्वतःच्या घरात राहणारे असतात, वीस वर्षांपूर्वीच्या करारावर राहणारे असतात आणि ज्यांच्यामुळे सरासरी वर ओढली जाते असे मूठभर बडे पगारदारही असतात.

टक्केवारी तरी कुठून आली, हेही पाहिले पाहिजे. ‘उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत भाडे परवडते’ हे वाक्य आपण निसर्गनियमासारखे उच्चारतो. अमेरिकेत १९६९ साली सिनेटर एडवर्ड ब्रूक यांच्या दुरुस्तीने सरकारी घरांतल्या भाडेकरूंचे भाडे उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर रोखले गेले आणि १९८१ साली ती मर्यादा ३० टक्के झाली. त्याआधीही तिथे ‘आठवड्याची मजुरी म्हणजे महिन्याचे भाडे’ असा व्यवहारातला ठोकताळा होताच. थोडक्यात, सरकारी घरांतल्या गरीब कुटुंबांसाठी आखलेली ही रेषा पुढे साऱ्या जगाच्या घरांना लावली गेली. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था ‘युरोस्टॅट’ मात्र घराचा एकूण खर्च खर्चायोग्य उत्पन्नाच्या ४० टक्क्यांपलीकडे गेला, तरच त्या कुटुंबावर घराचा अतिभार आहे असे मानते.

घरमालकांचे गणित याहून वेगळे, आणि माझ्या मते ते जास्त बोलके आहे. न्यूयॉर्कमध्ये भाडेकरूचे वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या ४० पट असावे अशी अट सर्रास घातली जाते, तर लंडनमध्ये भाडेकरूची पडताळणी करताना बहुधा ३० पट उत्पन्न पुरते. वर्षाला ६०,००० कमावणारी एखादी व्यक्ती घ्या, चलन कोणतेही धरा. न्यूयॉर्कच्या हिशेबात तिला महिना १,५०० भाड्याच्या घरापाशी थांबावे लागते. लंडनच्या हिशेबात तीच व्यक्ती २,००० च्या घरासाठी पात्र ठरते. पहिल्या हिशेबात उत्पन्नाचे ३० टक्के जातात, दुसऱ्यात ४० टक्के, आणि दोन्हीकडे हे उत्पन्न कर कापण्यापूर्वीचे असते. लंडनमध्ये भाडेकरूला बहुधा कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक करही स्वतःच भरावा लागतो. तक्त्यातल्या टक्केवारीत यातले काहीच दिसत नाही.

मला जे सांगायचे आहे, ते हर्मन श्वाबे या बर्लिनच्या सांख्यिकी अधिकाऱ्याने १८६८ सालीच आकडेवारीने मांडले होते: कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा भाड्यात जातो. याचा अर्थ साध्या हिशेबातून लक्षात येतो. महिना १०,००० मिळवणाऱ्याने ४० टक्के भाडे दिले तर त्याच्याकडे ६,००० उरतात. २,००० मिळवणाऱ्याने तेवढेच टक्के दिले तर १,२०० उरतात. दुधाची पिशवी, बसचा पास, तापाचे औषध आणि मुलांच्या वह्या दोघांनाही त्याच किमतीला घ्याव्या लागतात. पहिल्याची ओढाताण फार तर बचतीत होते. दुसऱ्याची औषधात होते. म्हणून मला ऑस्ट्रेलियातला मापदंड अधिक प्रामाणिक वाटतो. तिथे ३० टक्क्यांची रेषा सर्वांना न लावता उत्पन्नाच्या उतरंडीतल्या खालच्या ४० टक्के कुटुंबांपुरतीच लावली जाते.

घर म्हणजे नेमके काय मोजले, हा प्रश्न तर बहुतेक तक्त्यांत उपस्थितच होत नाही. हाँगकाँगमध्ये एकेका फ्लॅटचे भिंती घालून तुकडे केलेले असतात आणि दोन लाखांहून अधिक माणसे अशा खोल्यांत राहतात. कित्येक खोल्यांत संडास आणि स्वयंपाकाची जागा एकाच कोपऱ्यात असते, आणि ज्या पलंगावर रात्री झोपायचे त्याच पलंगावर बसून मूल अभ्यास करते. सरकारी घरासाठी तिथे अलीकडच्या वर्षांत सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले आहे. अशा खोलीचे भाडे पगाराच्या तुलनेत कमी दिसले, म्हणून तिथे राहणाऱ्याला घर परवडते असे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

दारातून आत शिरण्यासाठी लागणाऱ्या एकरकमी पैशाचेही तसेच. तोक्योमध्ये अनामत रकमेखेरीज ‘रेइकिन’ म्हणून भाडेकरूला परत न मिळणारी रक्कम घरमालकाला देण्याची प्रथा आहे आणि बऱ्याच करारांत दर दोन वर्षांनी नूतनीकरणाचे शुल्कही असते. सोलमध्ये ‘जेओन्से’ पद्धतीत महिन्याचे भाडे नसतेच. त्याऐवजी घराच्या किमतीच्या निम्मी किंवा त्याहूनही मोठी रक्कम मालकाकडे ठेवावी लागते, आणि ती त्याने बुडवली तर भाडेकरूची आयुष्यभराची पुंजी जाते. नायजेरियातल्या लागोसमध्ये वर्षाचे भाडे आगाऊ मागितले जाते. पगार महिन्याला आणि भाडे वर्षाला, ही तफावत कोणती टक्केवारी दाखवणार?

याच्या उलट टोकाला व्हिएन्ना आहे. १९२३ साली तिथल्या नगरपालिकेने घर जितके आलिशान तितका चढत्या दराचा घरबांधणी कर बसवला आणि त्यातून कामगारांसाठी घरे उभी केली. १९३० साली खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स होफ या वसाहतीत अशी १,३०० हून अधिक घरे आहेत. आज नगरपालिकेच्या मालकीची सुमारे २,२०,००० घरे आहेत आणि शहराची जवळपास निम्मी लोकसंख्या नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहते. मला या शहराविषयी मनापासून आदर आहे. तरीही तिथल्या सरासरीवर मी विसंबणार नाही, कारण नगरपालिकेचे घर मिळण्यासाठी साधारणपणे आधी दोन वर्षे त्या शहरात वास्तव्य असावे लागते. कालच दुसऱ्या देशातून येऊन रुग्णालयात सफाईचे काम धरलेल्या बाईला त्या दोन वर्षांत खासगी बाजारातच घर शोधायचे असते, आणि तिथे भाडे भरल्यावर तिच्या हातात किती उरते, तो आकडा मला तक्त्यात हवा आहे.