साखर तोडली की कॅन्सर उपाशी मरतो?

एक मेसेज बरीच वर्षं घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: कॅन्सरच्या पेशी फक्त साखरेवर जगतात, ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला 1931 साली याच शोधाबद्दल नोबेल मिळालं, म्हणून साखर तोडा, लिंबूपाणी पिऊन रक्त अल्कधर्मी करा, की गाठ उपाशी मरेल. असं काही वाचून केमो चालू असलेल्या माणसाच्या ताटातला भात, केळं, शिरा काढून घेतात. याची मला मनापासून चीड येते, म्हणून एकेक दावा तपासूया.

आधी नोबेल. ते मिळालं पेशीच्या श्वसनातल्या एका एन्झाइमचं स्वरूप आणि कार्य उलगडल्याबद्दल, कॅन्सरचं कारण सापडल्याबद्दल नव्हे. वॉरबर्ग यांचं कॅन्सरबद्दलचं निरीक्षण मात्र खरं आहे. भरपूर ऑक्सिजन असतानाही गाठीतल्या पेशी ग्लुकोज अर्धवटच तोडतात आणि त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. या वाटेने ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते त्या पदार्थाचे, 2 रेणू हाती लागतात. तोच ग्लुकोजचा रेणू तंतुकणिकेत (मायटोकाँड्रिया, पेशीतलं ऊर्जा बनवणारं केंद्र) ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण वापरला, तर साधारण 30 ते 32. मग पेशी एवढा तोट्याचा व्यवहार का करते? कारण भराभर वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा माल लागतो. नवा डीएनए, नवं पेशीपटल यांसाठी लागणारा कार्बन त्या अर्धवट तुटलेल्या ग्लुकोजमधून मिळतो. जंतुसंसर्गाशी लढताना आपल्या निरोगी पांढऱ्या पेशीही झपाट्याने वाढतात, तेव्हा त्याही हेच करतात. तंतुकणिका बिघडल्यामुळे कॅन्सर होतो, असं वॉरबर्ग यांचं मत होतं. पुढे दिसलं की कित्येक गाठींमध्ये तंतुकणिका व्यवस्थित काम करत असतात.

‘फक्त साखरेवर’ हेही चूक. ग्लुटामिन हे अमिनो आम्ल, मेदाम्लं, जे मिळेल ते या पेशी वापरतात. ऊर्जेसाठी खरोखर फक्त ग्लुकोजवर अवलंबून असतात त्या आपल्या तांबड्या रक्तपेशी, कारण त्यांच्यात तंतुकणिकाच नसतात.

आता मुख्य मुद्दा, साखर तोडण्याचा. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. शरीर ही पातळी जिवापाड जपतं, कारण एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं. चहातली साखर सोडली तरी भाकरीतल्या पिष्टाचं ग्लुकोज होतंच. भाकरीही सोडली तर यकृत आपला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या ग्लुकोजचा, साठा मोडतं. तो साधारण दिवसभरात संपत आला, की स्नायूंतली प्रथिनं तोडून त्यांच्यापासून ग्लुकोज बनवायला लागतं. म्हणजे गाठीला मिळायचं ते मिळतच राहतं, झिजतात ते पेशंटचे दंड आणि मांड्या.

‘पेट स्कॅनमध्ये गाठ चमकते, हाच पुरावा,’ असंही म्हणतात. या तपासणीत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात आणि ते कुठे जमा होतं ते बघतात. त्यात मेंदूही लख्ख चमकतो. उलट प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर फारसे चमकतच नाहीत. शिवाय या स्कॅनआधी पेशंटला काही तास उपाशी ठेवलेलं असतं, तरीही गाठ ग्लुकोज ओढत असते! ज्यांना हा फोटो पुरावा वाटतो, त्यांनी एवढी एक गोष्ट तरी ध्यानात घ्यावी.

अल्कधर्मी रक्ताबद्दल फार लिहायला नको. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजणारा आकडा, 7.35 ते 7.45 या पट्ट्यात फुप्फुसं आणि मूत्रपिंडं राखतात. लिंबूपाण्याने बदललाच तर लघवीचा बदलेल. गाठीभोवती आम्लता असते हे खरं, पण ती गाठीनेच तयार केलेली असते.

गोड कमी खावं, हा सल्ला निरोगी माणसासाठी चांगलाच आहे. लठ्ठपणामुळे गर्भाशयाच्या, मोठ्या आतड्याच्या आणि पाळी गेल्यानंतरच्या स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. कर्बोदकं अगदी कमी केलेल्या आहाराचे प्रयोगही काही कॅन्सरमध्ये चालू आहेत, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. केमो घेणाऱ्या माणसाची गरज वेगळी असते. तोंड आलेलं, अन्नाची चव गेलेली, अशा वेळी दोन घास शिरा किंवा दूध-केळं पोटात जात असेल, तर जाऊ द्या. वजन उतरत गेलं तर केमोचा डोस कमी करावा लागू शकतो, केमोची पुढची फेरी लांबू शकते. पेशंटला मधुमेह असेल तर काय आणि किती द्यायचं, ते हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा, आणि दर आठवड्याचं वजन वहीत लिहून ती वही डॉक्टरांना दाखवा.