बावचीचं तेल लावून उत्तरायणाला गच्चीवर जाऊ नका

वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. बावचीच्या बिया कुटून खोबरेल तेलात उकळा आणि रोज चेहऱ्याला लावा. त्यात नैसर्गिक रेटिनॉल (सुरकुत्यांच्या क्रीममध्ये असतं ते अ जीवनसत्त्वाचं रूप) आहे, परदेशात सिद्ध झालंय, सुरकुत्या जातात, कोडही जातं, गरोदर बायकांनाही चालतं.

‘रेटिनॉल आहे.’ नाही. आहे ते बाकुचिऑल. सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ते या बियांतून वेगळं काढलं. (परदेशाचा एवढा जप कशाला?) त्याची रचना रेटिनॉलसारखी नाही, त्वचेवरचे काही परिणाम तेवढे मिळतेजुळते आहेत.

‘सिद्ध झालंय.’ २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४४ जणांनी १२ आठवडे अर्धा टक्का बाकुचिऑल किंवा तेवढंच रेटिनॉल लावलं. सुरकुत्या आणि काळे डाग दोन्हींनी साधारण सारखेच कमी झाले. साल निघणं, चुरचुरणं रेटिनॉलवाल्यांना जास्त. निकाल चांगलाच आहे, पण माणसं थोडी. आणि मुख्य म्हणजे ते बाकुचिऑलचं क्रीम होतं, खलबत्त्यात कुटलेल्या बिया नव्हेत.

खरी गोम इथेच आहे. अख्ख्या बीमध्ये सोरालेन नावाचं रसायनही असतं. कातडीवर सोरालेन असताना ऊन लागलं, की उन्हातली यूव्हीए (अतिनील) किरणं त्याला चेतवतात आणि कातडी भाजते. घरच्या तेलात ते किती उतरलं, हे मोजायचं कसं? त्यात उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण तोंडावर, म्हणजे सकाळपासून अख्खं बडोदं गच्चीवर. शिवाय ही लाली लगेच दिसत नाही. १४ जानेवारीचं भाजणं दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण उरकल्यावर, १६-१७ला, पुरतं वर येतं. मग फोड, आणि नंतर काही महिने राहणारे काळे डाग.

‘कोड जातं.’ कोडावर सोरालेन आणि यूव्हीए हा उपचार खरोखरच आहे. पण त्यात औषध मोजून देतात, प्रकाशही मोजून. मेसेजमध्ये दोन्ही अंदाजपंचे.

गरोदरपणाचं म्हणाल, तर त्या चाचणीवरून त्याबद्दल काहीच ठरत नाही.

ज्यांनी तेल आधीच लावलंय, त्यांनी साबणाने धुवावं आणि दोन-तीन दिवस उन्हात जाऊ नये. खिडकीची काचही यूव्हीए पुरतं अडवत नाही. फोड आले तर त्यावर आणखी काही न चोपडता त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं, आणि काय लावलं होतं ते त्यांना सांगावं.