पोटखराबा आणि शेंगेन

गेली चोवीस वर्षं मी लोकांना एकच वाक्य ऐकवत आलेय : "सही जुळत नाही." सांगलीतल्या एका सहकारी बँकेत मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसते. आधारवर 'दत्तात्रय' आणि पॅनवर 'दत्तात्रेय' असेल तर मी त्या दोघांपैकी कुणालाच ओळखत नाही, मग तो माणूस माझा सख्खा चुलतदीर का असेना. शाखेत माझ्या पाठीमागे मला 'परत-या-मॅडम' म्हणतात, हेही मला माहीत आहे. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

मग आम्ही युरोपला जायचं ठरवलं.

निमित्त लग्नाच्या पंचविशीचं, पण खरी हौस सासूबाईंची. "त्या नट्या बर्फात शिफॉनची साडी नेसून नाचतात आणि त्यांना सर्दी होत नाही, ती जागा मला एकदा बघायचीय," असं त्या गेली तीस वर्षं म्हणताहेत. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला यश चोप्रांचा चक्क पुतळा आहे, असं माझ्या नवऱ्याने त्यांना सांगितलं आणि संपलं. देवाची मूर्ती कुठे आहे ते कळल्यावर यात्रा काय रद्द होते?

नवरा इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो. त्यामुळे प्रवास आधी एक्सेलमध्ये झाला. पॅरिस चार रात्री, स्वित्झर्लंड चार, इटली तीन. मग कळलं की शेंगेनचा व्हिसा एकच, देश एकोणतीस, पण अर्ज कुणाकडे करायचा ते रात्री मोजून ठरतं. जिथे मुक्काम जास्त, त्याच्याकडे. बरोबरी झाली तर जिथे आधी पाऊल टाकणार, त्याच्याकडे. म्हणजे फ्रान्स. पण फ्रान्सच्या अपॉइंटमेंटच्या तारखा आम्हाला जमेनात. रात्री साडेअकराला नवऱ्याने व्हेनिसची एक रात्र कापली आणि इंटरलाकेनला चिकटवली. झाला स्वित्झर्लंड पाच. जमिनीच्या वाटणीत मधल्या भावाचा बांध सरकवतात, इतक्या शांतपणे. व्हेनिसला कळलंही नाही.

"पण हे शेंगेन म्हणजे कोण?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना वाटत होतं साहेबाचं नाव असेल. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक खेडं. फ्रान्स आणि जर्मनीची हद्दही तिथेच येऊन भिडते. १४ जून १९८५ रोजी पाच देशांच्या लोकांनी तिथे नदीत बोटीवर बसून करार केला की आपापसातल्या सीमांवर तपासणी नको. गाव द्राक्षमळ्यांचं.

"म्हणजे आपलं तासगावच की," सासूबाई म्हणाल्या. त्या तासगाव तालुक्यातल्या. तेव्हापासून त्यांनी शेंगेनला माहेरचं मानलं आणि मी अर्ज भरायला बसले.

आता फॉर्म हा माझा प्रांत. आजवर हजारो फॉर्म मी लाल पेनाने गोल करून परत केलेत. तिसऱ्याच मिनिटाला अडले. 'जन्माच्या वेळचं आडनाव' असा रकाना होता, तो सोपा. पण सासूबाई म्हणाल्या, "आणि नाव?"

"नाव तेच ना आई, अनुराधा."

"ते लग्नातलं. जन्माच्या वेळी मी सिंधू होते."

शोधलं. तसा रकाना नाही. बाईचं आडनाव बदलतं इथपर्यंत युरोपची माहिती आहे. ताटात तांदूळ पसरून अंगठीने अख्खी बाईच नव्याने लिहून काढतात, ही बातमी तिथवर पोचलेली नसावी. मी समजावलं, पासपोर्टवर आहे तेच नाव लागतं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा मागचं नाव विचारलं, तेही अर्धंच."

त्यानंतर जन्मस्थळ. पासपोर्टावर गावाचं नाव आहे, तेवढंच पुरे. पण त्यांचा हट्ट, जिल्हा 'दक्षिण सातारा' लिही. बरोबरच होतं त्यांचं. त्यांचा जन्म १९५२चा. सांगली जिल्ह्याचं नाव सांगली झालं १९६० साली, त्याआधी तो दक्षिण साताराच होता. "खोटं लिहिलं तर पकडतील," त्या म्हणाल्या. स्वित्झर्लंडच्या वकिलातीत दक्षिण साताऱ्याचा जाणकार बसला असेल, या भीतीने आमचा एक तास गेला.

मग कागद. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, शिक्क्यासह. माझं खातं माझ्याच शाखेत. शेजारच्या टेबलावरच्या जोशीला म्हटलं, मार शिक्का. त्याने स्टेटमेंट उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, अर्ज?"

"कसला अर्ज?"

"शिक्का मिळण्याबाबतचा. नियम तुम्हीच शिकवलात." त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी त्याच्या बढतीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मी अर्ज लिहिला. 'आपली विश्वासू' असं स्वतःच्याच शाखेला लिहिताना हात जड झाला.

या सगळ्या कागदांमागे प्रश्न एकच असतो : तुम्ही परत जाणार ना? नोकरी आहे, रजा मंजूर आहे, घर आहे, शेत आहे, हे दाखवायचं. सासूबाईंना हा प्रश्न फार लागला. "तिथे राहतंय कोण! गौरी कोण बसवणार?" हे कव्हरिंग लेटरमध्ये घालावं असं माझं मत होतं, त्याहून पक्का पुरावा नाही. नवरा म्हणाला, सातबारा लावू. सासरे गेल्यावर वारसनोंद होऊन शेत आईंच्या नावावर आलंय. फक्त सातबारा इंग्रजीत हवा. कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याने तो दीडशे रुपयांत करून दिला.

हा अनुवाद मी जपून ठेवलाय. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' असतो, म्हणजे त्या गटातली लागवडीला निरुपयोगी जागा. ओढा, खडक, पायवाट वगैरे. टायपिंगवाल्याने लिहिलं होतं : 'अपसेट स्टमक, चार आर'. इतर हक्कांत विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता, त्याचं झालं होतं 'बर्डन ऑफ सोसायटी'. त्याच्या शेजारच्याच रकान्यात सासूबाईंचं पूर्ण नाव. पोट बिघडलेली, समाजाला भार झालेली त्र्याहत्तर वर्षांची बाई युरोपात येऊ इच्छिते, असा एकूण कागदाचा आशय होत होता. टायपिंगवाल्याला दाखवलं तर म्हणाला, "डिक्शनरीत हेच आहे." शेवटी नवऱ्याने रात्री बसून पुन्हा केला.

फोटोचं प्रकरण त्याहून अवघड. ३५ बाय ४५ मिलिमीटर, पार्श्वभूमी पांढरी, चष्मा नको, हसू नको. सासूबाई ठेवणीतली इरकल नेसून आल्या. चेहऱ्याने फोटोचा सत्तर ते ऐंशी टक्के भाग व्यापायचा असतो, हे कळल्यावर त्यांनी काठाकडे असं पाहिलं की जणू काठाचाच व्हिसा नाकारलाय. पण खरी गोची वेगळीच निघाली. केस शुभ्र, मागचा पडदा शुभ्र. कॉम्प्युटरवर फोटो उघडला तर कपाळाच्या वर काहीच नाही. नुसता चेहरा, अधांतरी, पौर्णिमेच्या चंद्रासारखा.

"काकू, केस काळे करून देऊ? दोन मिनिटांचं काम," फोटोवाला म्हणाला. सासूबाईंचे डोळे क्षणभर लकाकले.

"फेरफार चालणार नाही," मी बँकेच्या आवाजात म्हटलं.

चार वेळा दिवे हलवून शेवटी केसांची एक पुसट कड दिसायला लागली. सासूबाईंनी फोटो हातभर लांब धरून पाहिला. "चष्म्याशिवाय मी मी वाटत नाही," म्हणाल्या.

"चष्म्याशिवाय तुम्हाला दिसतंय तरी का?" नवरा म्हणाला.

विम्याने मात्र त्यांचं मन जिंकलं. किमान तीस हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, आणि तिकडे माणूस गेला तर पार्थिव परत आणायचा खर्चही त्यात धरलेला असतो. नवऱ्याने हे कलम चाचरतच वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे परत आणून सोडतात? मग कशाला घाबरायचं! आपल्या एस्टीतसुद्धा एवढी सोय नाही." स्वित्झर्लंडच्या बर्फातलं युंगफ्राउयोखचं रेल्वेस्टेशन ३४५४ मीटरवर आहे, विरळ हवेत दम लागतो, अशी आमची तोवर जी काय चिंता चालली होती ती त्यांनी त्या क्षणी निकालात काढली.

विमानाची तात्पुरती बुकिंगं, रद्द करता येणारी हॉटेलं, हे सगळं नवऱ्याने केलं. व्हिसा नसताना तिकीट काढू नका आणि तिकीट नसेल तर व्हिसा मागू नका, या दोन सल्ल्यांच्या मधोमध आमचा संसार दोन महिने त्रिशंकूसारखा लोंबकळत होता. त्याबद्दल जास्त बोलत नाही. घरात तेव्हा भांडणंही झाली.

अर्ज द्यायला पुण्याला गेलो. पहाटे चारला निघालो, सातारला मिसळ. सासूबाईंनी सोबत भडंगाचा डबा घेतला होता. तो गेटवरच बाहेर ठेवावा लागला. रखवालदाराला त्या सांगून आल्या, "तू खा थोडं, पण झाकण घट्ट लाव."

फी माणशी नव्वद युरो, तिघांचे दोनशे सत्तर. अर्ज घेणाऱ्या केंद्राचे पैसे वेगळे.

"आणि नाही दिला व्हिसा तर?"

"तरी परत मिळत नाहीत, आई."

"बघायला आले नि कांदेपोहे खाऊन गेले, तसं."

दहाही बोटांचे ठसे द्यायचे होते. साठ वर्षं भाकऱ्या थापून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात. रेशनच्या मशिनलाही त्या अधूनमधून उमटत नाहीत. इथेही मशीन दोनदा नाही म्हणालं. पोऱ्याने ओला रुमाल दिला, बोटं दाबायला लावली, तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला. मला वाटलं, सुटलो.

काउंटरवर माझ्या मुलीपेक्षा लहान दिसणारी एक मुलगी होती. तिने आमचे अर्ज चाळले, पासपोर्ट उघडले, पुन्हा अर्ज पाहिला, पुन्हा पासपोर्ट. ती मान कशी हलते ते मला आतून ठाऊक आहे. ती नजर मी रोज वापरते. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या सहीचीच मला काळजी होती. त्या वर्षातून दोनदा सही करतात.

"मॅडम," ती मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमची सही जुळत नाही."

पासपोर्टवर मी पूर्ण नाव लिहिलंय, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, स्वच्छ. ते नऊ वर्षांपूर्वीचं. त्यानंतर रोजची शेकडो व्हाउचरं. सही झिजत झिजत आता एक वेलांटी आणि पुढे शेपूट एवढीच उरलीय. मी म्हणाले, "अहो, माझीच आहे ती." म्हणाले आणि ऐकलंही. हे वाक्य मला चोवीस वर्षांत किती पेन्शनरांनी, किती विधवांनी, किती शेतकऱ्यांनी म्हटलंय! मीही तेव्हा त्या मुलीसारखंच, अगदी नम्रपणे, मान हलवत आलेय.

"पासपोर्टसारखी करा," तिने नवा फॉर्म पुढे सरकवला. मी केली. जुळली नाही. चौथ्या प्रयत्नाला कशीबशी जुळली. शाळेत शुद्धलेखन काढल्यासारखं जीभ दातांत धरून काढली, तेव्हा. शेजारी सासूबाईंच्या सगळ्या सह्या ओळीने पडल्या होत्या, पासपोर्टशी हुबेहूब, एकेक अक्षर दळदार. "रोज रोज करत बसलं की बिघडते," त्यांनी त्या मुलीला समजावून सांगितलं.

परतीच्या वाटेवर मला कुणी काही बोललं नाही. जोशीला हे सांगायचं नाही, एवढं मात्र मी दोघांकडून कबूल करून घेतलं.

पुढचे दिवस सामानाचे. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप नाही, कंदी पेढे नाहीत. "गायींच्या देशात तूप नेलेलं चालत नाही?" हा प्रश्न सासूबाई अजून विचारतात. भडंग चालतं, हे मी तीनदा तपासलं.

मग एका दुपारी पासपोर्ट कुरिअरने आले. मी आधी सवयीप्रमाणे नावांची स्पेलिंग पाहिली, मग तारखा, मग मुक्कामाचे दिवस. सगळं बरोबर. शेवटी सासूबाईंच्या व्हिसाच्या चिकटपट्टीवरचा फोटो पाहिला. छपाईत केसांची ती पुसट कडही गेली होती. उरला होता नुसता एक चेहरा. पासपोर्टावर वेगळीच बाई, काळे केस, जाड भिंगांचा चष्मा. आणि समोर पाटावर बसून लसूण सोलणाऱ्या या तिसऱ्याच. आमच्या बँकेच्या नियमाने तिघींनाही मी परत पाठवलं असतं.

मी पासपोर्ट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, निरखून पाहिलं.

"ही मी नाही," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लसणाकडे वळल्या. "पण मिळालाय ना तिला व्हिसा, मग येऊ दे बिचारीला जाऊन."